एक वूफर काढला आणि आवाज वाढला

दिग्रसला पुसद रस्त्यावर माझे गाड्यांच्या साउंड सिस्टिमचे दुकान आहे. कापसाचे चुकारे हाती येऊ लागले की आमचाही हंगाम सुरू होतो. अशाच दिवसांत आर्णीकडच्या एका खेड्यातला तरुण शेतकरी बोलेरो घेऊन आला. मागे १२ इंची दोन वूफर, म्हणजे बेसचे खालचे, घुमणारे सूर वाजवणारे मोठे स्पीकर होते, त्यांच्या शेजारी ‘४००० वॅट’ असे ठळक छापलेला अॅम्प्लिफायर होता, आणि तरीही साळ्याच्या ऑल्टोतला १० इंची एकच वूफर आपल्यापेक्षा जास्त घुमतो, अशी त्याची तक्रार होती. “भाऊ, हे दोन्ही काढून १५ इंची टाकून द्या. पैशाचं पाहू नका,” असे तो आल्या आल्या म्हणाला.

गाणे लावले तेव्हा बेस खरोखरच पोकळ वाटला. मी काही न बोलता एका वूफरची वायर काढून टाकली. आवाज कमी होण्याऐवजी एकदम वाढला आणि मागच्या काचा थरथरू लागल्या. “हे कसं काय होऊन राहिलं?” म्हणून तो वूफर बसवलेल्या पेटीपाशी वाकून पाहू लागला.

दोन्ही वूफर बाहेर घेऊन मी त्याच्यासमोर पेटीतूनच आलेल्या वायरींना पेन्सिल सेल लावून दाखवला. लाल वायरीला सेलची अधिक बाजू लावताच पहिल्या वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा, किंचित बाहेर आला आणि दुसऱ्याचा तेवढाच आत गेला. आधी ज्याने कोणी फिटिंग केले होते त्याने एका वूफरच्या वायरी उलट जोडल्या होत्या. त्यामुळे एक वूफर हवा पुढे ढकलत असताना दुसरा तीच हवा मागे ओढत होता, आणि दोघे एकाच कप्प्यात बसवलेले असल्यामुळे पेटीच्या आतही हाच प्रकार चालला होता. दोन्ही वूफर एका दिशेने चालले आणि प्रत्येकाला पहिल्याइतकीच पॉवर मिळाली, तर एकाच्या तुलनेत आवाजात सुमारे ६ डेसिबलची (डेसिबल हे आवाज मोजायचे एकक) वाढ मिळते. त्यातली निम्मी दुप्पट पॉवरची आणि निम्मी दुप्पट झालेल्या क्षेत्रफळाची.

१५ इंचीचा हट्ट मी त्याला गणितानेच सोडवायला लावला. कोनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १५ चा वर्ग २२५ आणि १२ चा १४४, म्हणजे १२ इंची दोन मिळून २८८ होतात. जास्त हवा हलवणारी जोडी त्याच्याकडे आधीपासूनच होती.

मग अॅम्प्लिफायरकडे वळलो. डब्यावर छापलेल्या वॅटवर माझा कधीच विश्वास बसत नाही; मी फ्यूज पाहतो. याला २५ अँपिअरचे दोन फ्यूज होते. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तरी आत जाणारी पॉवर ७०० वॅटच्या आसपास, आणि या प्रकारच्या (एबी वर्गाच्या) अॅम्प्लिफायरमध्ये बराच भाग उष्णतेत जात असल्याने वूफरपर्यंत जेमतेम ४०० वॅट पोहोचणार. तीही पूर्ण पोहोचत नव्हती. बेसच्या प्रत्येक ठोक्याला अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मीटर ११ व्होल्टच्या खाली जात होता. वायर चाकूने खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा निघून आतले पांढरे अॅल्युमिनियम दिसले, आणि अर्थिंगचा बोल्ट तर थेट रंगावरच आवळलेला होता. रंग घासून मी जाड, शुद्ध तांब्याची वायर ओढली. याहून मोठा अॅम्प्लिफायर घ्यावा का, असेही त्याने विचारले. पॉवर दुप्पट केली तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट पॉवर लागते, आणि तेवढा करंट बोलेरोच्या अल्टरनेटरने आणायचा कुठून?

आता अडचण उरली ती पेटीची. गावच्या सुताराने बारीक प्लायवूडची पेटी करून समोर नुसते एक भोक पाडले होते, पाइप बसवलाच नव्हता. अशा पेटीची ट्यूनिंग, म्हणजे पेटी ज्या सुराला सर्वांत जास्त घुमते ती जागा, फार वर जाते आणि त्याखालच्या सुरांना कोनला आधार उरत नाही, म्हणून तो नुसताच धडपडतो. आत मोजले तर दोन घनफूट जागा भरली. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी पाइप बसवलेल्या पेटीला १२ इंचीमागे साधारण दोन घनफूट लागतात, म्हणजे दोघांना चार. तशी पेटी १८ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये नीट ट्यून करून बनवली असती तर ट्यूनिंगच्या आसपास सहज ३ डेसिबल आणखी मिळाले असते, आणि निव्वळ दणका हवा असेल तर मी तीच सुचवतो. पण पेटीचे माप पाहून तो म्हणाला, “मंग खताच्या थैल्या कुठं ठेवू?”

प्रश्न रास्त होता. बंद पेटीला १२ इंचीमागे साधारण एक घनफूट पुरते, आणि तेवढी जागा होतीच. भोक फळीने बुजवले, मधोमध आडवा टेका ठोकला, सांधे सिलिकॉनने भरले आणि वायरी सरळ जोडल्या. गाणे लावल्यावर पहिल्याच ठोक्याला मागच्या दारावरची नंबरप्लेट खडखडू लागली. तिच्यामागे रबराच्या पट्ट्या आणि दाराच्या पत्र्याला आतून थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावून दिली. बिलात सर्वांत मोठी रक्कम वायरीची होती.