ओळ क्रमांक 1840

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचा, सगळा हिशेब वर्षानुवर्षं जीडब्ल्यू-बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉसवरच्या भाषेतल्या एका प्रोग्रामवर चालत होता. लॉटच्या कापसाचं, रुईचं आणि सरकीचं वजन भरलं की तो उतारा (कापसातून किती टक्के रुई निघाली) आणि घट (वजनात किती गळती झाली) काढून द्यायचा. तो चालायचा ते विंडोज एक्सपीचं मशीन बंद पडलं. नवा कॉम्प्युटर 64 बिटचा, त्यावरचं विंडोज डॉसचे 16 बिट प्रोग्राम उघडतच नाही. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनवर जुना डॉस उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकून मोकळं होता आलं असतं, पण मालकाच्या मुलाला हिशेब मोबाईलवर हवा होता. मग पायथनमध्ये नव्यानं लिहिणं आलं.

प्रोग्राम नोटपॅडमध्ये उघडला तर नुसता कचरा. जीडब्ल्यू-बेसिक आपली फाईल सांकेतिक रूपात ठेवतं. डॉसबॉक्समध्ये लोड करून, सेव्हच्या आदेशाच्या शेवटी स्वल्पविराम आणि ए लावला, तेव्हा वाचता येणाऱ्या ओळी मिळाल्या.

खरी गंमत जुन्या नोंदींची. पायथननं त्या वाचल्या तेव्हा सगळा कापूस उणे निघाला, तोही जवळजवळ शून्य! दशांश आकडे साठवण्याची मायक्रोसॉफ्टची जुनी रीत 1975 च्या अल्टेअर बेसिकपासूनची, आणि आज सगळीकडे चालणारं आयट्रिपलई प्रमाण 1985 चं. दोन्हींत आकडा चारच बाइटचा, पण आतली मांडणी वेगळी. जुन्या रीतीत घातांक, म्हणजे आकडा किती मोठा ते सांगणारा भाग, शेवटच्या बाइटमध्ये असतो आणि अर्ध्यापासून वरच्या प्रत्येक आकड्यात त्या बाइटचा पहिला बिट 1 असतो. नवी रीत नेमक्या त्याच बिटाला उणे चिन्ह समजते. बिट सोडवणारं छोटं फंक्शन लिहिलं आणि कापूस जागेवर आला.

मग नव्या प्रोग्राममधून जुने लॉट काढून छापील रजिस्टरशी ताडायला बसलो. बहुतेक जुळले. काहींची सरकी मात्र वजनकाट्यापेक्षा कमी छापलेली होती. कारण ओळ 1840 मध्ये होतं: घट एक टक्क्यापेक्षा कमी आली तर एक धर आणि फरक सरकीतून वजा कर. शेजारी एका शब्दाचा खुलासा नाही.

"ही चोरी झाली," मुलगा म्हणाला. "काढून टाका."

दिवाणजी कोपऱ्यात पावत्या लावत होते. "काहून काढता? गाठी बांधाच्या प्रेसच्या आधी रुईवर पाणी मारते ना, बाप्पा! रुई जड होते अन् घट दिसतच नाही. पत्ती, धूळ तर उडालीच ना? अन् सरकी तशीबी गोदामात सुकते."

मी रजिस्टर पुन्हा पाहिलं. काही लॉटमध्ये रुई आणि सरकी मिळून मूळ कापसापेक्षा जास्त भरत होती. म्हणजे घट उणे. कागदावर असं दाखवलं तर कोणताही ऑडिटर खुर्चीतून उठेल. ज्यानं ती ओळ लिहिली त्याला जिनिंग कळत होतं, फक्त लिहून ठेवायचा आळस होता. (आम्हा प्रोग्रामरांचा हा पिढीजात रोग.)

तरीही सरकी गुपचूप कापणं मला पटेना. नियम ठेवला, पण उघड्यावर आणला. आता पडद्यावर काट्यावरची घट आणि हिशेबातली घट असे दोन रकाने आहेत. दिवाणजी फक्त दुसरा वाचतात. पहिल्यात उणे आकडा दिसला की मुलगा प्रेसवरच्या माणसाला फोन लावतो.