हेल्मेट

अमेरिकन फुटबॉलची मॅच, तिसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं उरली होती. टॅकल करून आमचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला पोरगा, उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्याकडे चालायला लागला. दोनच पावलं, मग भानावर येऊन वळला. स्टँडमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मी ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात ॲथलेटिक ट्रेनर आहे. नाशिकला फिजिओथेरपी केली, मग इथे मास्टर्स. ट्रेनर म्हटलं की घरच्यांना अजून जिम आठवते, पण आमचं सगळं काम दुखापतीचं. शनिवारी मॅचआधी दोघी मिळून पन्नास-साठ घोट्यांना टेप लावतो.

आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप नाही. मुलं फी भरून खेळतात. म्हणून तर संघात शंभरावर पोरं. एकेक पोरगा म्हणजे कॉलेजला एकेक प्रवेश. कोचची नोकरी जिंकण्याइतकीच या आकड्यावर टिकते, हे मला आजही पटत नाही.

आमचे कोचच ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या सगळ्या खेळांचे प्रमुख. छोट्या कॉलेजांत हे नवीन नाही. ओहायोतल्याच माउंट युनियन कॉलेजचे कोच लॅरी केरेस यांनी 27 सीझनमध्ये 332 मॅचेस आणि 11 राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, आणि डायरेक्टरचं पदही सांभाळलं. आमचे कोच सकाळी सहाला मैदानावरच्या रेषा बघतात, दुपारी बजेट, संध्याकाळी सराव, रात्री पालकांचे फोन. मुलींच्या सॉफ्टबॉलच्या बसचं बिल त्यांच्या सहीने जातं. माझं वार्षिक मूल्यमापनही तेच लिहायचे.

पोरगा बाहेर आला तसं मी आधी त्याचं हेल्मेट काढून घेतलं. प्रश्न नंतर. हेल्मेट हातात राहिलं की ही पोरं नजर चुकवून परत मैदानात पळतात. स्कोअर त्याने बरोबर सांगितला, क्वार्टरही. ‘मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो?’ तो हाताच्या टेपकडे बघत राहिला आणि हसला. दहा शब्द वाचून दाखवले, चार आठवले; थोड्या वेळाने पुन्हा विचारले तर एकच. मग महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर. ऑक्टोबर राहिला. आम्ही ऑक्टोबरातच उभे होतो.

मेंदूला मार बसल्याचं निदान झालं की त्या दिवशी परत खेळायचं नाही, हा एनसीएएचा, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा, नियम 2010 पासून आहे. वैद्यकीय निर्णयात कोचने पडायचं नाही, हाही नियम आहे. पण कोचच साहेब असले तर दाद कुणाकडे मागायची?

आम्ही तीन गुणांनी मागे होतो. कोच आले.

“किती वेळ लागेल?”

“आज नाही, कोच.”

हेल्मेट मी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं. “नक्की?”

“नक्की.”

त्यांनी पहिल्या वर्षाच्या एका पोराला आत पाठवलं. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्याच बाजूने टचडाउन झाला आणि आम्ही हरलो. पार्किंगमध्ये एक पालक माझ्याकडे बघून जे बोलले ते इथे लिहीत नाही. रात्रभर मुलाच्या खोलीत त्याचा मित्र थांबला. मी दर दोन तासांनी फोन करत होते.

सोमवारी ईमेल आली. यापुढे माझं मूल्यमापन टीमचे डॉक्टर आणि विद्यार्थी विभागाच्या डीन करतील. खाली कोचची सही. मला विचारलंही नव्हतं. मी घाबरून त्यांच्या खोलीत गेले. वाटलं, हात झटकले.

ते म्हणाले, “शनिवारी मी तुला दुसऱ्यांदा विचारलं. ते विचारायला नको होतं.” आणि समोरच्या बिलांवर सह्या करायला लागले.

मी त्यांना सांगितलं नाही, पण ते ‘नक्की?’ ऐकलं तेव्हा क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे मूल्यमापनाचा फॉर्म आला होता. पोरगा चारही महिने ओळीने म्हणाला असता, शब्द चारांऐवजी सहा आठवले असते, तर मी काय उत्तर दिलं असतं? खूप रात्री यावर गेल्या आहेत.

तो मुलगा टप्प्याटप्प्याने तिसऱ्या आठवड्यात परतला. कोच मे महिन्यात निवृत्त होतायत. जाहिरातीत पुन्हा एकच पद आहे, मुख्य कोच आणि ॲथलेटिक डायरेक्टर. ट्रेनर कुणाला रिपोर्ट करणार, याची एक ओळही त्यात नाही. ती घालावी म्हणून मी काल डीनना पत्र दिलं. कोचची ती ईमेल सोबत जोडली आहे.