डिंभ्याच्या वरची घळ: मे आणि जुलै

पुण्याहून भीमाशंकरची एसटी धरली, मंचर-घोडेगाव मागे टाकलं आणि डिंभे धरण ओलांडून तळेघरच्या अलीकडे उतरलो. मे महिना, तिघं जण, मित्राचं आजोळ. काम एकच: त्याच्या मामांच्या शेतात पाण्याने पडलेली घळ थांबवायची. आंबेगावच्या या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या पडकई करून उतारावर खाचरं काढली. पडकई म्हणजे एकमेकांच्या रानात राबून जमीन सपाट करायची आणि खालच्या कडेला दगडाची ताल रचायची. मामांची अशी नऊ खाचरं आहेत. पोरं चाकणला कामाला गेली, तेव्हापासून त्यांत नांगर नाही.

ताल दरवर्षी हात मागते. एक दगड निसटला की पाणी त्या खिंडारातून खालच्या खाचरात कोसळतं, कोसळतं तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्याची कड ढासळत मागे सरकते. म्हणजे घळ डोंगर उतरत नाही, चढते. चौथ्या खाचरात ती माझ्या छातीइतकी खोल होती. भिंतीत वर वीतभर तांबडी माती, खाली पिवळट मुरूम आणि दोन्हींच्या मधून हिरड्याची मुळं उघडी लोंबत होती. ते बघून पोटात कालवलं.

आमचा जीव त्या मोठ्या खड्ड्याकडे ओढत होता. मामा म्हणाले, “पोरांनो, आधी वर चला. वरचं पाणी अडवल्याबिगर खाली दगड टाकून काय उपयोग?” दीड दिवस फक्त पहिल्या दोन खाचरांच्या फुटलेल्या ताली रचण्यात गेला. तो वेळ सत्कारणी लागला, हे जुलैत कळलं.

मग ओघळीत दगडी बांध घातले. पाया वीतभर खणून मोठे दगड तळाला, दोन्ही टोकं काठाच्या मातीत हातभर आत घुसवलेली, उंची कमरेच्या आत. दोन बांधांतलं अंतर ठरवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी पातळीत आला पाहिजे. माथा मात्र मध्ये खोलगट ठेवा आणि पाणी पडेल तिथे खाली दगडांचं अंथरूण करा. आमचा तिसरा बांध माथ्याला सपाट राहिला. जुलैत गेलो तेव्हा पाण्याने बांधाला हात न लावता डावीकडचा काठ कापून वाट काढली होती. भर पावसात तो उकलून पुन्हा रचला. म्हणून सांगतो, पावसाळ्यातली खेप टाळू नका. पाणी कुठून जातं ते तेव्हाच दिसतं.

जूनच्या पहिल्या पावसावर मामांनी काठाने निर्गुडीच्या फांद्या आणि वाळ्याची ठोंबं लावली होती. निर्गुडीला जनावरं तोंड लावत नाहीत, वाळ्याची मुळं खोल जातात. तरी सुटी गुरं बांध तुडवतात, तेव्हा चराईचं गावात आधी बोलून घ्या. सातबाऱ्यावर नावं बरीच असतात, मुंबईतल्या भाऊबंदांनाही विचारा. जमीन वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय दगडही हलवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. माळीण इथून जवळच. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. पाणी जिरवायचे चर सगळीकडे चांगलेच, असं समजू नका. खाली घरं असतील, उतार तीव्र आणि मातीचा थर जाड असेल, तर तिथे पाणी मुरवणं धोक्याचं. ते कडेने वळवून पक्क्या ओढ्यात सोडावं लागतं. जमिनीला भेगा दिसल्या, झाडं कलली असली, तर काम थांबवा, खालच्या घरांना सांगा आणि जाणकाराला दाखवा.

पहार, टिकाव, घमेली गावात मिळतात. जाड हातमोजे मात्र पुण्याहून न्या. दगडाखाली विंचू असतात, दगड आधी पहारीने उलटा, मग हात घाला.