निवडुंग दिसला की परत फिरायचं

साडेचारला डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती. म्हणजे त्यानंतर दोन-तीन तास तोंड बधिर, खाणं बंद, म्हणून आधीच पोटभर जेवून घ्यावं असा साधा हिशोब करून मी पावणेतीनला बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर नवीन पाटी दिसली. साउथ अमेरिकन ग्रिल. पाटीवर हिरवागार निवडुंग, निवडुंगाच्या डोक्यावर भलीमोठी गोल टोपी, टोपीखाली मिशा. निवडुंगाला मिशा! काचेवर चिकटवलेला मेनू वाचला. टाको, बरितो, नाचोज, केसाडिया. झालं, तिथेच माझी सटकली.

हे माझं जुनं दुखणं आहे, घरचे कंटाळलेत आता. मेक्सिको उत्तर अमेरिकेत आहे. टाको चांगलाच असतो, माझं टाकोशी भांडण नाही, पण तो मेक्सिकोचा, दक्षिण अमेरिकेचा नाही, आणि ही टोपी, ती मिशी, तो निवडुंग, हे सगळं मेक्सिकोच्या नावावर खपवलेलं सामान उचलून पार खालच्या टोकाच्या टिएरा डेल फ्युएगोपर्यंतच्या बारा देशांच्या डोक्यावर ठेवायचं म्हणजे काय. कुणाला काही फरक पडत नाही हे मला कळतं. मला पडतो.

याला जबाबदार आमच्या भूगोलाच्या बाई. नकाशा चुकला की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसती लाल पेन्सिल घेऊन मेक्सिकोवर गोल करायच्या आणि बाण वर ओढायच्या, वर, वर, पार उत्तर अमेरिकेच्या पानावर. दक्षिण अमेरिका काढायला तशी सोपी, वरून फुगलेलं आणि खाली निमुळतं होत गेलेलं गाजर, पण चिलीपाशी सगळ्यांचे वांधे व्हायचे. ४ हजार किलोमीटरहून लांब देश आणि रुंदीला जेमतेम पेन्सिलच्या रेघेएवढा. माझी चिली नेहमी जाड व्हायची आणि अर्जेंटिना चेपली जायची.

आणि सुट्टीत आतेभाऊ आला की अॅटलासचा खेळ. एकाने नाव सांगायचं, दुसऱ्याने शोधायचं. तो महाबिलंदर, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली रशियातली नावं काढायचा. मी दर वेळी एकच सांगायचो, टिटिकाका. कुणाचे काका? टिटीचे काका! यावर आम्ही पोट धरून हसायचो, दर वेळी, आणि आत्या आतून ओरडायची की झोपा रे आता. खेळ कसला, टिटिकाका कुठे आहे ते त्याला पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं, पेरू आणि बोलिव्हियाच्या मधलं तळं, पण हसायला मिळायचं म्हणून तो मुद्दाम आफ्रिकेत शोधत बसायचा.

पुढे खूप वर्षांनी कळलं की माणसाने बटाटा पहिल्यांदा लावायला घेतला तो याच तळ्याच्या आसपासच्या डोंगरांत, हजारो वर्षांपूर्वी, ३,८०० मीटर उंचीवर. पेरूमध्ये आजही बटाट्याच्या हजारो जाती आहेत, जांभळे, काळपट, बोटांसारखे वाकडे, आणि लिमामध्ये १९७१ पासून बटाट्यावर काम करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिकडचे लोक बटाटे रात्री थंडीत गोठू देतात, दिवसा उन्हात टाकतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वाळवून त्याचे खड्यांसारखे हलके चुन्यो करून वर्षानुवर्षं साठवतात. मी एकदा खाल्लेत, मातीसारखी चव, आवडले असं म्हणवत नाही. पण पापा आ ला वांकाइना म्हणजे गार उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या आणि वर पिवळ्या आही मिरचीचा, चीज घातलेला दाट सॉस, बाजूला अंडं आणि एक काळं ऑलिव्ह, ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी तिथल्या तिथे आतेभावाला फोन लावला. टिटिकाका सापडले म्हटलं. तो मीटिंगमध्ये होता.

तर मुद्दा असा की मध्यम आकाराच्या शहरात असं जेवण शोधायचं कसं. महानगरात प्रश्न नसतो, तिथे पेरूची वेगळी गल्ली, ब्राझीलची वेगळी. खेड्यातही प्रश्न नसतो, तिथे काहीच नसतं. अडचण मधल्यांची. जिथे विमानतळ आहे पण कुठेही जायचं तर मधे विमान बदलावं लागतं अशा शहरात एका देशापुरतं दुकान काढायची कुणाची छाती होत नाही, मग अख्खा खंड एका मेनूवर येतो. पहिल्या पानावर पेरूचं सेविचे, दुसऱ्यावर ब्राझीलचं फेजोआदा, तिसऱ्यावर अर्जेंटिनाचं असादो, आणि गिऱ्हाईक घाबरून पळू नये म्हणून चौथ्यावर नाचोज. अशा ठिकाणी सगळ्याला एकच चव असते. मी अनुभवाने सांगतो, नाव सांगत नाही.

स्टार बघून तर मी जातच नाही. मी एक स्टारवाले रिव्ह्यू वाचतो, शांतपणे, चहा घेत. 'मेनू फक्त स्पॅनिशमध्ये आहे', वा. 'टीव्हीवर फुटबॉल चालू होतं, आमच्याकडे कुणी बघेना', फारच छान. 'रात्री आठला गेलो तर सेविचे संपलं म्हणाले', बस, इथेच जायचं. पेरूमध्ये सेविचे हे दुपारचं खाणं, जुन्या वळणाच्या सेविचेरिया संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतात, कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवायचा तर सकाळी आलेला मासा दुपारी संपवायचा हे साधं आहे. २०२३ साली युनेस्कोने सेविचेला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, तरी आठच्या गिऱ्हाइकाचा राग काही गेला नसेल.

पेरूचं दुकान सापडलंच तर मी आधी लोमो साल्तादो मागवतो. १८४९ पासून चिनी मजूर पेरूमध्ये आले, त्यांच्या हातची ही डिश, मोठ्या आचेवर कढईत परतलेलं बीफ, कांदा, टोमॅटो, सोया सॉस, त्यातच फ्रेंच फ्राईज टाकायचे आणि वर पुन्हा बाजूला भात. बटाटाही आणि भातही! डाएटवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा. माझी परीक्षा एवढीच की फ्राईज रसात अर्धे भिजलेले हवेत, अर्धे कुरकुरीत. सगळे कुरकुरीत असतील तर ते वरून सजवलेत, म्हणजे आतल्या माणसाला यात रस नाही.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात चांगलं दक्षिण अमेरिकन जेवण मिळालं ते रेस्टॉरंटमध्ये नाहीच. शहराबाहेरच्या एका मैदानावर रविवारी बोलिव्हियाच्या लोकांच्या फुटबॉल मॅचेस चालतात, हे मला एका केशकर्तनवाल्याने सांगितलं. तिथे गाड्यांच्या डिक्या उघड्या, आत मोठमोठे थर्मासचे डबे, आणि डब्यात साल्टेन्या. दिसायला एम्पानाडा, म्हणजे आपल्या करंजीसारखी, पण आत चक्क रस्सा. रस्सा जिलेटिन घालून गार करून घट्ट करतात, मग पारीत भरतात आणि भट्टीत गेला की तो पुन्हा पातळ होतो. ही सकाळची खायची गोष्ट, मी पहिल्यांदा एकला पोचलो तर डबे रिकामे. दुसऱ्या रविवारी दहाला गेलो. मधोमध चावा घेतला आणि पांढऱ्या शर्टावर कॉलरपासून पोटापर्यंत नदी. डिकीवाल्या काकू इतक्या हसल्या की त्यांनी मला दुसरी फुकट दिली आणि कसं खायचं ते दाखवलं, उभी धरायची, वरचं टोक चावायचं, रस्सा ओढून घ्यायचा, मग खाली खाली जायचं. आजूबाजूची पोरं बघत होती. गोल झाला तो कुणीच बघितला नाही.

त्याच मैदानावर एकदा पॅराग्वेच्या एक बाई भेटल्या. त्यांच्याकडे मी सोपा पाराग्वाया मागितलं. सोपा म्हणजे सूप, एवढं स्पॅनिश मला येतं, म्हणून वाटी-चमच्याची वाट बघत उभा, आणि हातात आली मक्याच्या पिठाची, चीज आणि कांदा घातलेली केकसारखी वडी. मी म्हटलं सूप? त्या म्हणाल्या, हेच सूप. आता यावर काय बोलणार.

आणि जी जागा मी अक्षरशः तीन वर्षं शोधत होतो ती माझ्या रोजच्या रस्त्यावर होती. पाटीवर लिहिलं होतं कॅरिबियन, म्हणून मी वळलोच नव्हतो. एकदा पाऊस आला म्हणून आत शिरलो, तर मालक गयानाचे. गयाना! गाजराच्या वरच्या अंगाला, व्हेनेझुएला आणि सुरिनामच्या मधे, पक्का दक्षिण अमेरिकेत. समोर तव्यावरून काढलेली रोटी दोन हातांत टाळ्या वाजवल्यासारखी आपटून तिचे पदर सोडवणं चाललं होतं. १८३८ साली कलकत्त्याहून पहिली जहाजं मजूर घेऊन तिकडे गेली, त्यांच्याबरोबर रोटीही गेली आणि राहिली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तर दक्षिण अमेरिकन! ते म्हणाले, नकाशात असू, आम्ही क्रिकेट वेस्ट इंडीजकडून खेळतो. म्हणजे जी पाटी खरी होती ती तसं म्हणत नव्हती आणि जी म्हणत होती तिच्यावर निवडुंग. बाईंची लाल पेन्सिल घेऊन शहरभर फिरावं असं वाटलं होतं तेव्हा.

असो. त्या दुपारी मात्र तीन वाजत आले होते, बाकी सगळीकडे किचन बंद झालेलं, आणि भूक तत्त्वाच्या पुढे गेली होती. गेलो आत. नाचोज मागवले. कुणी नव्हतंच, त्यामुळे किचनमधला माणूसच प्लेट घेऊन बाहेर आला. दार उघडं राहिलं आणि मागच्या फळीवर मला पिवळी पाकिटं दिसली, एकावर एक, ठिपक्यांचा रुमाल डोक्याला बांधलेल्या बाईचं चित्र असलेली. आरीना पान. अरेपाचं, म्हणजे तिकडच्या मक्याच्या जाड भाकरीचं पीठ. १९६० मध्ये व्हेनेझुएलात हे तयार पीठ निघालं, त्याआधी घरोघरी मका कांडायचा, शिजवायचा, दळायचा आणि मग कुठे अरेपा.

मी विचारलं, व्हेनेझुएला? तो थांबला. हो म्हणाला. कुठे? मराकायबो, म्हणाला, पण अशा आवाजात की पुढे सांगण्यात काही अर्थ नाही. मी म्हटलं, वर डावीकडे, मोठ्या तळ्याच्या काठी. त्याने प्लेट खाली ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसला. तो आधी कोलंबियात होता, मग लिमामध्ये, बहीण अजून तिथेच आहे, भाऊ सांतियागोत, आई कुणाकडेच जायला तयार नाही. त्याच्या देशातून ७० लाखांहून जास्त माणसं अशी बाहेर पडलीत, हे मी वाचलं होतं, पण ते वाचलेलं होतं.

मग मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, की बाबा मग मेनूवर अरेपा का नाही, आणि ते नाचोज, तो निवडुंग, त्या मिशा? तो म्हणाला, मिशा मालकाची आयडिया. आणि अरेपा लिहिली तर लोक विचारतात हे काय, आणि दुसरीकडे जातात. टाको सगळ्यांना वाचता येतो.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नाचोज खाल्ले. बरे होते, म्हणजे खरंच बरे होते.

निघताना तो म्हणाला, आम्ही आमच्यासाठी करतो अरेपा, स्टाफसाठी, ब्लॅक बीन्स आणि चीज घालून. या खायला, साडेचारला.

साडेचारला मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, डाव्या बाजूला जीभ आहे की नाही कळत नव्हतं.