आधी पासपोर्ट, शेवटी मेडिकल, आणि लसी मात्र आजपासून

नवरा अमेरिकेत, आपण सोलापुरात, आय-१३० (जोडीदाराला कायमचं तिकडे न्यायचा अर्ज) भरून कधीचा झालाय आणि रोज सकाळी उठून केसचं स्टेटस बघायचं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. (बायको तिकडे आणि नवरा इकडे असेल तरी सगळं हेच.) माझा व्हिसा आता पासपोर्टवर लागून आलाय आणि तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणींचे फोन येतायत. कागद कुठले लागतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण कुठला कागद कधी काढायचा यावर कुणी बोलत नाही आणि गाडी तिथेच अडते. वाट बघण्याचे महिने आधीच अवघड असतात, त्यात नुसत्या क्रमामुळे अजून दोन महिने वाढले की जीव अगदी मेटाकुटीला येतो.

तर आधी कपाटातून पासपोर्ट काढा आणि शेवटची तारीख बघा. अमेरिकेत उतरायच्या दिवसापासून पुढे निदान ६ महिने पासपोर्ट चालू असायला हवा, असा नियम आहे. आपण काय म्हणतो, अजून दीड वर्ष आहे की, बघू नंतर. पण केसला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं, आणि एनव्हीसीत (नॅशनल व्हिसा सेंटर, मुलाखतीआधी कागद तपासणारं अमेरिकेचं ऑफिस) कागद पास होऊन मुलाखतीचं लेटर येईपर्यंत ते दीड वर्ष कधी सरतं कळतही नाही. पासपोर्टची मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून री-इश्यूला टाकता येतो, म्हणजे बारा महिने उरले की त्याच आठवड्यात फॉर्म भरायचा, थांबायचं नाही. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आहे, तत्काळला वर २००० लागतात. आपल्याला अपॉइंटमेंट सोलापुरातच मिळते, फक्त फाइल पुण्याच्या रिजनल ऑफिसच्या हाताखाली असते, त्यामुळे काही अडलं की तिकडे बघावं लागतं.

पत्ता कुठला टाकायचा यावर घरोघरी चर्चा होते. सासर पुण्यात, नवरा अमेरिकेत, आणि पोरगी राहतेय माहेरी जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला. सासरचे म्हणतात आमचा पत्ता टाक, आता ही आमची सून. प्रेमाने म्हणतात, पण पोलीस व्हेरिफिकेशन त्या पत्त्यावर होतं आणि पोलिसांनी बोलावलं तेव्हा तुम्ही तिथे नसाल तर रिपोर्ट तसाच जातो, मग खुलासे देत बसा. सध्या जिथे खरोखर राहता तोच पत्ता टाका. सासूबाईंना शांतपणे समजावून सांगितलं की त्या ऐकतात, माझ्या सासूबाईंनी तर उलट स्वतःच सगळ्यांना सांगितलं की पोरीला त्रास नको, राहते तिथलाच पत्ता राहू दे.

आणि नाव. याबद्दल मला फार मनापासून सांगायचंय. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा बदलतात, आणि आमच्या भागात अर्ध्या घरांत घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट आणि आधार तिन्हीकडे स्पेलिंग तीन तऱ्हेचं. बदलायचं असेल तर खुशाल बदला, तुमची इच्छा, पण मग ते केस एनव्हीसीत जायच्या आधी उरकून टाका, मधेच नको. कारण व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने येतो, ग्रीन कार्डही त्याच नावाने येतं, आणि मधे नाव बदललं की आय-१३० एका नावाने, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) दुसऱ्या नावाने, पोलीस क्लिअरन्स तिसऱ्याच, आणि मुलाखतीच्या खिडकीवर उभं राहून आपण एकच बाई आहोत हे सिद्ध करायचं. मी माहेरचंच नाव ठेवलं. नवऱ्याचं नाव पासपोर्टमधे जोडीदाराच्या रकान्यात घालून घेतलं, तेवढं पुरलं.

पासपोर्ट हातात आला की मगच पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. हा क्रम उलटा करू नका. पीसीसीवर पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. जुन्या पासपोर्टवर पीसीसी काढलं आणि नंतर पासपोर्ट बदलला तर दोन कागदांवर दोन नंबर, मग बहुतेक जण नवीन पीसीसी काढतात, म्हणजे परत ५०० रुपये आणि परत व्हेरिफिकेशन. शहरात राहणाऱ्यांचं पोलीस आयुक्तालयाकडून होतं आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्यांचं ग्रामीण पोलिसांकडून. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात, त्या दिवसांत वेळ लागेल असं धरून चाललेलं बरं. एनव्हीसीसाठी पीसीसी साधारण २ वर्षं चालतं, त्यामुळे जरा आधी काढलं तरी वाया जात नाही.

बरं, डीएस-२६० भरून झाल्यावर पासपोर्ट बदलावाच लागला तर? घाबरायचं कारण नाही. सबमिट केलेला फॉर्म आपल्याला आपोआप उघडत नाही, तो एनव्हीसीला सांगून उघडून घ्यावा लागतो, नाहीतर मुलाखतीच्या दिवशी अधिकाऱ्याला सांगून नवीन नंबर घालून घेता येतो. अपॉइंटमेंटच्या वेबसाइटवरच्या प्रोफाइलमधेही नवीन नंबर टाका आणि मुलाखतीला जुना आणि नवीन दोन्ही पासपोर्ट बरोबर न्या.

आता लसी. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जास्त बोलणार आहे. आईने माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड ट्रंकेतून काढलं, पिवळट पडलेलं, घडीवर फाटायला आलेलं, प्रसूतिगृहाचा शिक्का जेमतेम वाचता येतो. त्यावर बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, आणि नऊ महिन्यांना गोवर, एवढंच. आई म्हणाली, बघ सगळं दिलंय तुला. तिच्या दृष्टीने खरंच सगळं दिलं होतं, कारण तेव्हा सरकारी कार्यक्रमात एवढंच होतं. गोवरासोबत रुबेलाची लस आपल्याकडे २०१७ पासून सुरू झाली, हेपेटायटिस बी देशभर २०११ च्या आसपास पोचली, गालगुंड आणि कांजिण्यांची तर सरकारी यादीत नव्हतीच, ज्यांना डॉक्टरने वेगळी सुचवली त्यांनी घेतली. म्हणजे नव्वदच्या दशकात जन्मलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या कार्डावर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस), हेपेटायटिस बी आणि कांजिण्या या तिन्ही जागा रिकाम्या असणार. इमिग्रेशनच्या मेडिकलला नेमक्या याच विचारतात.

मेडिकलच्या दिवशी पॅनेल डॉक्टर (कॉन्सुलेटच्या यादीतले) राहिलेल्या लसी देतातच, आणि प्रत्येक लसीचा वयाप्रमाणे एकेक डोस झाला तरी सहसा चालतं, अख्खा कोर्स पुरा व्हायलाच हवा असं नाही. पण एकाच दिवशी दोन्ही दंडांत टोचून घेऊन वर परत सोलापूरचा प्रवास करण्यापेक्षा घरच्या डॉक्टरकडे आधीच सुरुवात करा, सोयीचंही पडतं आणि बहुतेकदा स्वस्तही. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी आहेत, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंच्या, त्या एकाच दिवशी तरी घ्यायच्या नाहीतर मधे निदान २८ दिवस जाऊ द्यायचे. हेपेटायटिस बीचे तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे लेटर आल्यावर सुरू केलं तर पुरे होणं शक्यच नाही. डॉक्टरकडून लसीचं नाव, तारीख, सही, शिक्का असं लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं तिकडे चालत नाही. कांजिण्या लहानपणी होऊन गेल्या असतील तर तेही सांगा. अजून एक गोष्ट, जी आपण घरात मोठ्याने बोलत नाही. नवरा सुट्टीवर येऊन जातो, दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात या दोन्ही जिवंत लसी देत नाहीत, घेतल्यावरही महिनाभर दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची असते. तेव्हा तो यायच्या आधी महिना-दोन महिने हा विषय संपवा. दिवस गेलेच असतील तरी व्हिसा अडत नाही, डॉक्टर तशी नोंद करतात, फक्त एक्स-रेच्या आधी स्पष्ट सांगायचं.

आणि मग शेवटी मेडिकल. आपल्या सोलापुरातला कितीही मोठा डॉक्टर असला तरी त्याचं मेडिकल चालत नाही, कॉन्सुलेटच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच करावं लागतं, म्हणून आपण मुंबईला जातो. लेटर आल्यावर अपॉइंटमेंट घ्यायची. १५ वर्षं आणि त्यावरच्यांना छातीचा एक्स-रे, वयाप्रमाणे रक्त-लघवीची तपासणी, आणि डॉक्टर जुने आजार, ऑपरेशनं, चालू गोळ्या सगळं विचारतात. मेडिकलची मुदत साधारण ६ महिने, आणि कळीचा मुद्दा हा की व्हिसाची मुदत त्या मेडिकलला बांधलेली असते. मुलाखतीपासून नाही, मेडिकलपासून मोजायचं. कुणी हौसेने फार आधी मेडिकल करून घेतं आणि मग मुलाखत पुढे गेली किंवा एखादा कागद मागितला की व्हिसा हातात येईपर्यंत प्रवासाला थोडेच दिवस उरतात. दिराचं लग्न करून जाईन, दिवाळी करून जाईन असं मनात असेल तर हे गणित आधी मांडा. माझं मत विचाराल तर मुलाखतीच्या दोन-तीन आठवडे आधीची तारीख सगळ्यात बरी, रिपोर्ट पोचायलाही वेळ मिळतो आणि मुदतही वाया जात नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरलं की दिवस हाताशी राहतो, वंदे भारत पोचेपर्यंत दुपार होते, सकाळच्या अपॉइंटमेंटला तिचा उपयोग नाही.

मेडिकल फार आधी करू नका म्हटलं त्याला एकच अपवाद, आणि तो ज्यांना लागू आहे त्यांनी नीट वाचा. माझ्या ओळखीतल्या एका ताईंना कॉलेजात असताना टीबी झाला होता. सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या घेऊन पूर्ण बऱ्या झाल्या, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. एक्स-रेमधे जुना डाग दिसला. असं दिसलं की थुंकी तपासतात, लागोपाठ तीन दिवस सकाळी नमुना द्यायचा, आणि नुसती स्लाइड बघून भागत नाही, कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ते बघतात, त्याला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. ताईंना लेटर आलं त्याच दिवशी त्यांनी मेडिकलची अपॉइंटमेंट घेतली होती, डाग दिसणार हे धरूनच. तीन सकाळी मुंबईत काढायच्या म्हणून मावशीकडे राहिल्या. जुनं ट्रीटमेंट कार्ड, गोळ्या संपल्याचा कागद, जुन्या एक्स-रे फिल्म सगळं एका फाइलमधे लावून नेलं होतं, डॉक्टरांनी ते बारकाईने बघितलं. कल्चर निगेटिव्ह आलं आणि व्हिसा मिळाला. मात्र अशा केसमधे मेडिकलची मुदत ६ नाही, ३ महिने असते, त्यामुळे बॅगा आधीच भरून ठेवाव्या लागतात. टीबी झाला होता हे लपवू नका. आपल्या भागात घरोघरी कुणाला ना कुणाला होऊन गेलेला असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि बरा झालेला टीबी व्हिसा नाकारायचं कारण नाही. लपवलेली गोष्ट एक्स-रेमधे दिसली तर मात्र उत्तर देणं अवघड.

तारखांचं अजून एक. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत तुम्ही तिकडे उतरलात तर सीआर-१ म्हणून दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड मिळतं, आणि नंतर आय-७५१ भरून त्या अटी काढाव्या लागतात. दोन वर्षं झाल्यावर उतरलात तर आयआर-१, थेट दहा वर्षांचं. यात बघतात ती अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख. त्यामुळे व्हिसा सीआर-१ लागलेला असला तरी लग्नाचा दुसरा वाढदिवस थोड्या दिवसांवर असेल आणि व्हिसाची मुदत परवानगी देत असेल, तर तिकीट त्यानंतरचं काढा, लग्नाचं सर्टिफिकेट हातात ठेवा आणि एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला स्वतःहून सांगा. त्यासाठी चार दिवस उशिरा भेटलं तरी चालेल. पण चार महिने थांबू नका, एवढं लांब राहून झाल्यावर आय-७५१ परवडतो, असं माझं स्पष्ट मत.

व्हिसा आल्यावर ऑनलाइन यूएससीआयएसची (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट फी, २३५ डॉलर, निघायच्या आधी भरून टाका, ती भरल्याशिवाय ग्रीन कार्ड छापत नाहीत. मेडिकलचं किंवा कॉन्सुलेटचं बंद पाकीट दिलं असेल तर ते घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी फोडायचं नाही. एक्स-रेची सीडी देतात, ती चेक-इनच्या बॅगेत शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या डब्यांखाली टाकू नका, हातातल्या पर्समधे पासपोर्टसोबत ठेवा, एअरपोर्टवर मागितली तर तिथल्या तिथे काढून देता आली पाहिजे.