बॉक्स अँड कॉक्स : दाराचा फ्लॅट अखेर सरकला

मंडळी, माझ्या रंगमंचाच्या छोट्या मॉडेलमधला, खोबणीत रुतणारा तो डावा फ्लॅट (मागची भिंत करणाऱ्या दोन सरकत्या चौकटींपैकी एक) काल रात्री एका बोटानं सरकत थेट मधोमध आला!

बॉक्स आणि कॉक्स या एकाच खोलीतल्या दोन भाडेकरूंचा मॉर्टनचा हा १८४७ चा फार्स मी बॉक्स सेटमध्ये (तीन बाजूंनी भिंती असलेल्या बंद खोलीत) लावत नाहीये, हे नव्यांसाठी. ब्रिटिश वसाहतींतल्या थिएटरांत मोठं नाटक संपलं की त्याच रात्री फार्स लागायचा. खोली झटपट उभी राहायला हवी, म्हणून विंगा आणि सरकते फ्लॅटच. स्केल तेच, १:२५.

संहितेत मधोमध पडद्यांचा पलंग, मागच्या भिंतीत नटाच्या उजवीकडे खिडकी, डावीकडे दार. म्हणजे एका फ्लॅटला खिडकी, दुसऱ्याला दार. खिडकी लगेच जमली, उघडतेसुद्धा. कॉक्सचं मटण आणि बॉक्सचं बेकन तिथूनच बाहेर जायचंय. दारानं मात्र जीव काढला. दार तळापर्यंत कापलं की फ्लॅटचे दोन पाय उरतात, ते फाकतात आणि खोबणीत अडकतात. जाड एमडीएफ बोर्ड लावून पाहिला, तो पावसाळी हवेत वाकला. उपाय खऱ्या रंगमंचाचाच निघाला: दाराच्या फ्लॅटला तळाशी, जमिनीलगत लोखंडी पट्टी मारतात. मी अर्ध्या मिलिमीटरची पितळी पट्टी दोन्ही पायांना अराल्डाइटनं जोडली. आता पाय जागचे हलत नाहीत, आणि पट्टी प्रेक्षकांतून दिसतही नाही.

पट्टी पुण्याच्या बोहरी आळीत घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या चिमुकल्या बिजागऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, पत्रा फार मऊ असतो. मलमलची चिंधी आणि फेविकॉल कधीही सरस.

फ्लॅट जुळले आणि एक सुंदर गोष्ट दिसली. दोघांमधली फट नेमकी पलंगाच्या पडद्यांमागे जाते! ज्या पडद्यांआड बॉक्स झोपतो, तेच सांधाही झाकतात. खोबणीच्या मंचासाठी याहून चोख मांडणी नाही.

यानंतर तळदिव्यांचे (मंचाच्या पुढच्या कडेच्या दिव्यांचे) एलईडी लावणार होतो, पण ते आता थांबतील. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबच्या नाटकानंतर ‘धनजी गरक’ हा फार्स केला होता. तसाच जोडखेळ दाखवावा, असं हे लिहितानाच डोक्यात आलं. समोर शाहनामा या रुस्तम-सोहराबच्या फारसी महाकाव्यातल्या रणांगणाचा गुंडाळता पडदा, तो वर गेला की मागे खोली तयार. त्यासाठी पलंग मागे सरकवावा लागेल, आणि शेगडीची विंगही. पडद्याच्या दांड्याला सायकलची तार चालेल की बांबूची काडी बरी? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, रविवारी कापायला बसतोय.