शेंगा चटणीची पाकिटं

आज दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत मोठ्या मुलांचा व्यवसाय वर्ग. सोलापूर म्हटल्यावर दुसरं काय, शेंगा चटणी! २०० ग्रॅमची पाकिटं.

शिकवायचं उलटीकडून: भरणं, तोलणं शिक्षकांनी करायचं, मुलाने फक्त शेवटचं सील दाबायचं. पूर्ण झालेलं पाकीट लगेच त्याच्या हातात येतं. ते जमलं की तोलणं, मग भरणं.

घोळ होतो तो वजनकाट्यावर. तिथे इंग्रजी आकडे उमटतात (200) आणि आपण मुलाला बघायला दिलेल्या कार्डावर मराठी २०० लिहितो. आकडे जुळवून काम करणारं मूल तिथेच अडतं. कार्ड काट्यासारखंच हवं.

शेंगांचं तेल पाकिटाच्या तोंडाला लागलं की सील सुटतं, म्हणून रुंद तोंडाचं नरसाळं. दोष मुलांच्या हाताला देऊ नका.